तीन चकत्या

प्रवासाची तयारी सुरू झाली, की घरातील प्रत्येक वस्तू बरोबर घ्यावीशी वाटते. ही हवीच, ती लागेलच, असे म्हणता म्हणता पिशवी फुगते आणि शेवटी तिचे बंद लागेनासे होतात. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण पैशाच्या बाबतीत सांगितली जाते. परंतु ती सामानालाही तितकीच लागू पडते. खेळाडूची अडचण तर याहून मोठी असते. क्रिकेट खेळणाऱ्याला बॅट, पॅड, हातमोजे असा संसार बरोबर न्यावा लागतो. गोल्फच्या खेळाडूला नियमांनी चौदा काठ्यांपर्यंत मुभा दिली आहे. त्यांची थैली उचलायलाच एक माणूस लागतो. परंतु एक खेळ असा आहे, की त्याचे सारे साहित्य सदऱ्यांच्या घडीखाली सहज मावते. तो खेळ म्हणजे चकती-गोल्फ, अर्थात डिस्क गोल्फ.

या खेळात चेंडू नसतो आणि काठीही नसते. प्लास्टिकची एक चकती हाताने फेकायची आणि दूरवर उभ्या केलेल्या टोपलीत टाकायची, एवढाच खेळ. लोखंडी खांबावर साधारण कंबरेच्या उंचीला ही टोपली बसविलेली असते. तिच्यावर साखळ्या लोंबत असतात. वेगाने आलेली चकती साखळ्यांवर आदळते, तिचा वेग मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. पहिल्या फेकीनंतर चकती जेथे थांबेल, तेथून दुसरी फेक करावयाची. असे करीत टोपली गाठली, की एक टप्पा पुरा झाला. मैदानात बहुधा नऊ किंवा अठरा टप्पे असतात. सर्व टप्पे मिळून ज्याच्या फेकी सर्वांत कमी, तो विजयी.

या खेळाचा उगम मोठा गमतीचा आहे. १९३८ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावर फ्रेड मॉरिसन नावाचा एक तरुण आपल्या मैत्रिणीबरोबर केक भाजण्याचे पत्र्याचे ताट फेकून झेलण्याचा खेळ खेळत होता. एका माणसाने ते ताट पंचवीस सेंटला मागितले. बाजारात त्याची किंमत अवघी पाच सेंट होती! मॉरिसनच्या मनात व्यापाराची कल्पना आली. पुढे त्याने प्लास्टिकची उडती चकती तयार केली आणि १९५७ मध्ये तिचे हक्क व्हॅम-ओ या कंपनीस विकले. हीच चकती ‘फ्रिस्बी’ या नावाने जगभर गेली. त्याच कंपनीतील एड हेड्रिक याने चकतीची घडण सुधारली. नंतर त्यानेच १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह उद्यानात चकती-गोल्फचे पहिले कायमचे मैदान आखले. साखळ्यांची टोपलीही त्याच्याच कल्पनेतून निर्माण झाली.

पुढे हा खेळ युरोपात पसरला. फिनलंड हा उत्तरेकडील लहानसा देश. लोकवस्ती सुमारे ५५ लाख. परंतु तेथे या खेळाची शेकडो मैदाने आहेत. पाइन आणि बर्च वृक्षांच्या राईतून त्यांच्या वाटा जातात, आणि त्यांपैकी पुष्कळ मैदानांवर खेळण्यास शुल्क पडत नाही. जूनच्या उत्तरार्धात राजधानी हेलसिंकी येथे रात्री साडेदहानंतर सूर्य मावळतो. त्यामुळे दिवसभराचे काम आटोपूनही खेळावयास वेळ उरतो.

समजा, एक प्रवासी अशाच दिवसांत कामानिमित्त हेलसिंकीला निघाला आहे. त्याच्या घरी वीस चकत्या आहेत. त्यांपैकी किती बरोबर घ्याव्यात? याचे उत्तर मनाला विचारू नये, तराजूला विचारावे. खेळाच्या नियमांप्रमाणे चकतीच्या व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅमपेक्षा अधिक वजन चालत नाही. व्यास २१ सेंटिमीटर असेल, तर वजन फार तर १७४ ग्रॅम भरेल. अशा वीस चकत्यांचे वजन सुमारे साडेतीन किलो होते. विमानात स्वतःजवळ बाळगावयाच्या सामानाला अनेक कंपन्या सात-आठ किलोंची मर्यादा घालतात. म्हणजे जवळजवळ निम्मे सामान चकत्यांचेच झाले! मग कपडे, पुस्तके आणि कामाचे कागद कोठे ठेवावयाचे? तीनच चकत्या घेतल्या, तर वजन अर्ध्या किलोहून किंचितच अधिक होते.

परंतु तीन म्हणजे कोणत्या तीन? येथे खरी परीक्षा आहे. निवड करण्यासाठी चकती कशी उडते हे जाणले पाहिजे.

भोवरा फिरत असतो तोपर्यंत आरेवर ताठ उभा राहतो. फिरणे थांबले, की तो आडवा होतो. चकतीचेही तसेच आहे. मनगटाच्या झटक्याने ती स्वतःभोवती फिरू लागते, म्हणूनच हवेत तिचा तोल टिकतो. पुढे जाताना ती हवेला खाली लोटते आणि त्याच्या उलट हवा तिला वर उचलून धरते. उजव्या हाताच्या खेळाडूने हात छातीसमोरून मागे नेऊन फेकलेली चकती, वरून पाहिल्यास, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. वेग ओसरला, की हवा तिचा पुढचा काठ उचलू पाहते. परंतु फिरत्या वस्तूचा स्वभाव असा, की जोर पुढे लागला तरी परिणाम बाजूला दिसतो. त्यामुळे चकती वर न वळता डावीकडे कलते आणि तिकडेच उतरते.

आता चकत्यांचे प्रकार पाहू गेल्यास ते मुख्यतः तीन आहेत. जिचा काठ धारदार व रुंद, ती ‘ड्रायव्हर’. ती हवा कापीत दूर जाते. परंतु तिला वेग मिळाला नाही, तर ती लवकरच डावीकडे कोसळते. जिचा काठ बोथट, ती ‘पटर’. ती सावकाश व सरळ जाते आणि जवळच्या टोपलीत टाकण्यास सोईची असते. या दोहोंच्या मधली ती ‘मिडरेंज’. दूर फेकण्याच्या हौसेने नवशिका खेळाडू तीनही ड्रायव्हरच उचलतो. तेथेच तो चुकतो. ड्रायव्हरची गरज काही टप्प्यांवर पडते. पटरची मात्र प्रत्येक टप्प्यावर, टोपलीपाशी पडतेच. म्हणून तीनच न्यावयाच्या असतील, तर प्रत्येक प्रकारची एक-एक न्यावी. दोनच न्यावयाच्या असतील, तर ड्रायव्हर घरी ठेवावा. आणि एकच न्यावयाची असेल, तर पटर न्यावा.

उरलेल्या सतरा चकत्यांचे काम कोण करणार? ते काम हाताने करावयाचे. चकतीचा बाहेरचा काठ खाली झुकवून ती फेकली, तर ती डावीकडे अधिक वळते. तोच काठ वर ठेवला, तर उजवीकडे झुकते. तळहात पुढे करून बाजूने फेकली, तर तिची गिरकी उलटते आणि शेवटचे वळणही उजवीकडे होते. अशा रीतीने एकाच चकतीतून अनेक मार्ग निघतात. साधने मोजकी असली, की प्रत्येक साधनाचा स्वभाव पुरता ओळखावा लागतो.

सामान भरण्याचीही एक पद्धत आहे. चकत्या एकीत एक ठेवून पिशवीच्या पाठीशी सपाट लावाव्यात. त्यांच्या पोकळीत मोज्यांच्या आणि रुमालांच्या घड्या बसतात, त्यामुळे जागा मुळीच वाया जात नाही. चकत्यांच्या खालच्या बाजूस नाव व दूरध्वनी क्रमांक लिहावा, म्हणजे हरवलेली चकती सापडल्यास ती परत मिळण्याची आशा राहते. दव पुसण्यासाठी एक लहानसा पंचा घ्यावा. उन्हात बंद ठेवलेल्या मोटारीत मात्र चकत्या कधीही विसरू नयेत. उष्णतेने प्लास्टिक वाकडे होते आणि मग चकतीची चालही बिघडते.

आणखी एक वस्तू घ्यावी, ती म्हणजे तळहाताएवढी खूण-चकती. पडलेल्या चकतीच्या मागे उभे राहूनही पुढची फेक करता येते. परंतु पुढच्या फेकीला तीच चकती हवी असेल, तर तिच्या जागी काहीतरी खूण ठेवणे भाग पडते. ज्याच्यापाशी वीस चकत्या आहेत त्याला ही अडचण क्वचितच जाणवते. तीन चकत्यांच्या धन्याला ती वारंवार जाणवते.

मैदानावर पोचल्यावर प्रथम नकाशाचा फलक वाचावा. दोघे-तिघे मिळून खेळल्यास अठरा टप्प्यांना साधारण दोन तास लागतात. परतीची गाडी लवकर असेल, तर नऊ टप्पे खेळून समाधान मानावे. ही मैदाने पुष्कळदा सार्वजनिक उद्यानांतून जातात. मुले, वृद्ध आणि कुत्र्यांना फिरवणारी माणसे त्याच वाटांनी जात असतात. चकतीचा काठ कठीण असतो. तो लागल्यास मोठी इजा होऊ शकते. म्हणून वाट मोकळी झाल्याशिवाय चकती हातातून सुटता कामा नये, मग कितीही वेळ थांबावे लागो.

आता प्रवाशासमोर एक तळे आले आहे, अशी कल्पना करावी. फिनलंडमध्ये लहानमोठी सुमारे १,८८,००० तळी आहेत. तेव्हा असा प्रसंग नवलाचा नाही. टोपली पलीकडच्या काठावर आहे. तळ्यावरून सरळ फेक साधली, तर एक फेक वाचते. चकती पाण्यात पडली, तर दंडाची एक फेक वाढते आणि चकतीही जाते. वीस चकत्यांच्या धन्याची एक गेली, तर एकोणीस उरतात. या प्रवाशाचा मात्र तिसरा हिस्सा बुडेल. आणि पटरच बुडाला, तर पुढच्या प्रत्येक टोपलीपाशी त्याची उणीव भासेल. तो वाऱ्याचा अंदाज घेतो, तळ्याची रुंदी पाहतो आणि मिडरेंज हाती घेऊन काठाकाठाने दोन छोट्या फेकींत पलीकडे जातो. गुणपत्रिकेवर एक फेक अधिक लिहिली जाते. परंतु अठरावा टप्पा संपतो, तेव्हा पिशवीत तीनही चकत्या शाबूत असतात.

घरी परतल्यावर त्याला आपल्या वीस चकत्या पूर्वीसारख्याच दिसतील. परंतु त्यांतील तिघींची ओळख आता अधिक दाट झालेली असेल. ज्या खेळाचा प्रारंभ पाच सेंटांच्या एका ताटाने झाला, त्याला फार सामान लागत नाही. त्याला हवी असते बेताची निवड, सावध नजर आणि सरावलेला हात; आणि यांपैकी कशाचेही वजन तराजूवर भरत नाही.