अवसेची रात्र आपल्याही हक्काची

२०२५ च्या फेब्रुवारीत आपल्यापैकी अनेकींच्या मोबाईलवर एक संदेश येऊन धडकला होता, आठवतोय? ‘२२ डिसेंबर २०३२ ला मुंबईवर आकाशातून भला मोठा दगड पडणार!’ आमच्या बचत गटाच्या बैठकीत त्या दिवशी हप्ते नि व्याज सगळं बाजूला राहिलं. रेवसच्या धक्क्यावर उभं राहिलं की खाडीपलीकडे करंजा आणि त्यामागे मुंबईचा उजेड. त्यामुळे आमच्याकडे काळजी जरा जास्तच. एकीने विचारलं, “ताई, खरं का हो हे?” आणि दुसरीने त्याहून मोलाचं विचारलं, “तो दगड आपल्याला दिसंल का?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. बातमी अगदीच निराधार नव्हती. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या एका दुर्बिणीला ‘२०२४ वायआर४’ नावाचा लघुग्रह सापडला. सुरुवातीच्या मोजमापांवरून तो २०३२ मध्ये पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के इतकी निघाली. संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशियाही होता. पण दुर्बिणींनी त्याचा पाठलाग चालूच ठेवला, मोजमापं नेमकी होत गेली आणि काही दिवसांतच पृथ्वीचा धोका जवळजवळ शून्यावर आला. भीती गेली ती कुणाच्या तोडग्याने नव्हे, तर रात्र रात्र जागून आकाश पाहणाऱ्यांमुळे!

दुसऱ्या प्रश्नाने मात्र मला कामाला लावलं. मी कला शाखेची पदवीधर. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला तो सुटलाच. पण आकाश पाहायला पदवी लागत नाही. आपल्याकडे याची मोठी परंपरा आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ सालची. मुंबईचं खगोल मंडळ १९८५-८६ च्या हॅलेच्या धूमकेतूच्या वेळचं. त्यांचे वांगणीचे रात्रभराचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम प्रसिद्ध आहेत. आणि आपल्या अलिबागची वेधशाळा तर १९०४ पासूनची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने कुलाब्याची चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून ती खाडी ओलांडून इकडे आली. म्हणजे विज्ञानाला शांत जागा देण्याचं काम आपला रायगड सव्वाशे वर्षं करतो आहे.

अडचण दुर्बिणीची नव्हतीच

महिला मंडळात मी आकाशदर्शनाचा विषय काढला, तेव्हा मला वाटलं पहिली अडचण पैशांची येईल. आली वेगळीच. “अगो, अवसेला पोरी बाहेर काढतात का?” असं एका आजींनी सरळच विचारलं.

आता गंमत बघा. आकाशातल्या अंधूक गोष्टी पाहायच्या तर चंद्र नको. म्हणजे अमावस्या किंवा तिच्या आगेमागचे चार-पाच दिवस हाच खरा मुहूर्त! आणि नेमक्या त्याच रात्री आपल्या घरांची दारं लवकर लागतात.

मी आजींना म्हटलं, “तुमची सून पहाटे तीनला मासळीची पाटी घेऊन निघते, तेव्हा अवस असते की पुनव, कोण बघतं?” आजी हसल्या. रेवस-बोडणीच्या बायकांना रात्र काही नवी नाही. कामासाठी रात्री बाहेर पडलेली बाई सगळ्यांना चालते. नुसतं काहीतरी सुंदर बघण्यासाठी बाहेर पडलेली चालत नाही! इथेच माझ्या लक्षात आलं की आकाशदर्शनाचं नियोजन म्हणजे आधी बायकांच्या रात्रीचं नियोजन.

म्हणून आम्ही पहिल्यांदा आकाशाचा नकाशा काढला नाही, कागदावर वेगळीच यादी केली. जागा घरापासून चालत जाण्याइतकी जवळ हवी. शेजारी स्वच्छतागृह हवं. प्रत्येक आळीतली एक तरी मोठी बाई सोबत हवी. साडेसातला सुरू आणि दहाला संपलं म्हणजे संपलं. परतताना मुलींना गटाने घरापर्यंत सोडायचं. एवढं ठरल्यावर आज्यांनी नुसती परवानगी दिली नाही, त्या स्वतःच चटया घेऊन आल्या!

जागा, वेळ आणि सामान

रेवसला उत्तरेकडचं आकाश मुंबईच्या दिव्यांनी आणि न्हावा-शेव्याच्या बंदराच्या उजेडाने धुऊन निघालेलं असतं. तिकडे पाहण्यात अर्थ नाही. त्या बाजूला झाडी किंवा इमारतीची आडोशाची भिंत येईल अशी जागा निवडायची आणि दक्षिण दिशा मोकळी ठेवायची. अगदी पाण्याच्या कडेला बसायचं नाही. अमावस्येला उधाण असतं आणि आपल्या किनाऱ्यावर भरती बाराच्या सुमारास भरते. हे कोळणींना मी काय सांगणार! ही सूचना त्यांनीच मला केली.

जून ते सप्टेंबर पाऊस, तेव्हा विसराच. नोव्हेंबर ते मार्च उत्तम. फक्त थंडीत किनाऱ्यावर दव फार पडतं आणि भिंगं धुरकटतात. दुर्बिणीच्या तोंडाला जाड कागदाची नळी गुंडाळली की बराच वेळ निभावतं.

सामान म्हणाल तर ७ × ५० किंवा १० × ५० ची द्विनेत्री, म्हणजे दोन डोळ्यांनी पाहायची दुर्बीण, सुरुवातीला पुरते. चटई, गोधडी, कानटोपी, चहाचा थर्मास आणि वही-पेन्सिल. विजेरीवर लाल जिलेटीनचा कागद रबराने बांधायचा, कारण डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि एक पांढरा झोत पडला की पुन्हा पहिल्यापासून! मोबाईल पिशवीत. (सगळ्यात कठीण काम हेच.)

काय पाहायचं, कोणत्या क्रमाने

स्वयंपाकात जसं आधी काय चढवायचं हे ठरलेलं असतं, तसंच इथे. जे मावळतीकडे झुकलंय ते आधी, उगवतीचं शेवटी.

जानेवारीच्या रात्री आम्ही सुरुवात केली देवयानी दीर्घिकेपासून. वायव्येला धुरकट कापसाचा ठिपका दिसतो, बस्स. पण तो प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, असं सांगितल्यावर सगळ्या गप्प झाल्या. मग डोक्यावरच्या कृत्तिका. नुसत्या डोळ्यांनी सहा-सात, द्विनेत्रीतून कितीतरी. त्यांचा उजेड सुमारे ४४० वर्षांपूर्वीचा, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही आधी निघालेला. त्यानंतर मृग नक्षत्र. त्रिकांडाच्या, म्हणजे त्या तीन ताऱ्यांच्या बाणाखाली धूसर तेजोमेघ आहे. तिथे आजही नवे तारे जन्माला येत आहेत. “म्हणजे बाळंतिणीची खोलीच की!” असं एक सुईण आजी म्हणाल्या. यापेक्षा चांगलं वर्णन मला पुस्तकात मिळालेलं नाही. शेवटी पूर्वेकडून वर आलेला पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ.

अंधूक वस्तूकडे टक लावून पाहू नका. नजर जरा बाजूला ठेवा, डोळ्याच्या कोपऱ्यातून ती जास्त स्पष्ट दिसते.

एप्रिल-मे मध्ये दक्षिणेला नरतुरंगातला ‘ओमेगा सेंटॉरी’ हा लाखो ताऱ्यांचा गोळा दिसतो. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश. क्षितिजापासून दोन-सव्वादोन मुठी वर तो येतो. लंडनमध्ये तो कधी उगवतच नाही!

आणि ते दगड?

हे सगळे आकाशातले ठरलेले शेजारी. लघुग्रह म्हणजे न सांगता येणारा पाहुणा. पृथ्वीच्या कक्षेजवळून जाणारे चाळीस हजारांहून अधिक लघुग्रह आज माहीत आहेत, पण बहुतेक इतके अंधूक की छोट्या दुर्बिणीच्या आवाक्यात क्वचितच एखादा येतो. तो दिसतो अगदी ताऱ्यासारखा. ओळखायचा त्याच्या चालण्यावरून. वहीत त्या भागातले तारे ठिपक्यांनी काढायचे आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहायचं. जो ठिपका हलला, तो आपला पाहुणा! तो कधी, कुठे दिसेल ते नासाच्या जेपीएल संस्थेच्या संकेतस्थळावर आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश टाकून मिळतं. सरावासाठी मंगळ-गुरूमधला ‘वेस्टा’ बरा. तो पृथ्वीजवळचा नाही, पण तेजस्वी असतो तेव्हा द्विनेत्रीत सहज सापडतो आणि एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत सरकलेला कळतो.

असं चिकाटीने पाहणाऱ्यांत एक बाई होती, कॅरोलिन हर्शेल. इंग्लंडमध्ये भावाचं घर सांभाळायची, त्याची मोजमापं लिहून घ्यायची. १७८६ मध्ये भाऊ परगावी असताना तिने स्वतः धूमकेतू शोधला, आणि पुढे एकूण आठ. त्या काळात राजाकडून तिला या कामाचा पगारही मिळू लागला. आपल्या जवळचं उदाहरण घ्या. १६ ऑगस्ट २०२० रोजी एक छोटा लघुग्रह पृथ्वीपासून अवघ्या २,९५० किलोमीटरवरून निघून गेला. तो दुर्बिणीच्या छायाचित्रांत शोधला मुंबईच्या आयआयटीतल्या कुणाल देशमुख आणि क्रिती शर्मा या विद्यार्थ्यांनी. त्याच वर्षी सुरतच्या दोन शाळकरी मुलींनीही अशाच छायाचित्रांतून एक लघुग्रह शोधला होता.

दगड खरोखर पडतात, हेही खरं. आपलं बुलढाण्याचं लोणार सरोवर तशाच आघाताने झालेल्या, जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातलं. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियात चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा दगड हवेतच फुटला आणि दीडेक हजार लोक जखमी झाले, बरेचसे खिडक्यांच्या काचांनी. लख्ख उजेड दिसला म्हणून लोक खिडकीशी धावले आणि मागून धक्क्याची लाट आली. म्हणून मुलांना आवर्जून सांगा, आकाशात असा झोत दिसला तर खिडकीपासून दूर व्हायचं. अफवेपेक्षा ही एक माहिती घरात जास्त उपयोगाची.

आता एक तारीख कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा : १३ एप्रिल २०२९. त्या रात्री ‘अपोफिस’ नावाचा साडेतीनशे मीटरच्या आसपासचा लघुग्रह पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल. आदळणार नाही, पुढची शंभर वर्षं तरी त्याचा धोका नाही, हे पक्कं मोजलेलं आहे. युरोप, आफ्रिका, पश्चिम आशियातून तो नुसत्या डोळ्यांनीही दिसेल. त्या वेळी पुन्हा संदेशांचा पूर येईल, हे मी आजच सांगते. आणि ती रात्र असेल अमावस्येची!

मैत्रिणींनो, आज सहावी-सातवीत असलेल्या आपल्या मुली तेव्हा नववी-दहावीत असतील. मोबाईलवरचा संदेश वाचून त्यांनी दार लावून बसायचं की वही घेऊन अंगणात यायचं, हे आपण येत्या दोन-तीन हिवाळ्यांत ठरवणार आहोत. तुमच्या गावात रेवससारखी खाडी नसेल, पण शाळेचं मैदान असेल, घराची गच्ची असेल. मंडळाच्या पुढच्या बैठकीत हळदीकुंकवाच्या तारखेबरोबर एका अमावस्येचीही तारीख ठरवा. आज्यांना आधी विचारा. त्या आल्या की सगळ्या येतात.