मूर्तीचा बयाणा, भिशीची पाळी आणि घरचा जमाखर्च

पेणच्या गणपती कारखान्यात पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. साच्यातून मूर्ती निघण्याचं काम जवळजवळ वर्षभर चालतं, परदेशी जाणाऱ्या मूर्ती उन्हाळ्यात बोटीने रवाना होतात, मुंबई-पुण्याचे व्यापारी बयाणा देऊन जातात आणि मोठी वसुली होते ती श्रावण-भाद्रपदात. माती, रंग आणि मजुरी यांना मात्र बारा महिने पैसा लागतो. हमरापूर, जोहे या गावांत घरोघरी हेच चक्र. तिथून दक्षिणेला रोहा. तिथल्या धाटावच्या औद्योगिक वसाहतीत कायम नोकरीवर असलेल्या माणसाचा पगार ठरल्या दिवशी खात्यात पडतो, आणि घराचा हप्ता, शाळेची फी, विजेचं बिल त्या तारखेभोवती फिरतं. जिल्हा एकच, पण पैशाची चाल दोन तऱ्हांची. घरच्या हिशोबासाठी कोणतं सॉफ्टवेअर निवडावं याचं उत्तर आधी या चालीत शोधायला हवं.

कारण हे बहुतेक प्रोग्रॅम महिन्याच्या पगारावर जगणारं घर डोळ्यांसमोर ठेवून घडले. अमेरिकेत स्कॉट कुक आणि टॉम प्रू यांनी १९८३ मध्ये इंट्युइट कंपनी काढली आणि ‘क्विकन’ बाजारात आणलं. मायक्रोसॉफ्टचं ‘मनी’ १९९१ मध्ये आलं आणि २००९ मध्ये त्याची विक्री थांबली. ‘मिंट’ २००७ मध्ये सुरू झालं. बँक खाती जोडली की खर्चाची वर्गवारी ते आपोआप करून देई. इंट्युइटने २००९ मध्ये ते १७ कोटी डॉलरना विकत घेतलं आणि २०२४ च्या मार्चमध्ये बंद केलं. लक्षावधी घरांचा वर्षानुवर्षांचा हिशोब एका कंपनीच्या निर्णयावर टांगलेला होता. आपल्याकडे २०१४ च्या सुमारास पुण्यात ‘वॉलनट’ तयार झालं. बँकेचे एसएमएस वाचून ते खर्च मांडत असे. २०१८ मध्ये कॅपिटल फ्लोट या कर्ज देणाऱ्या कंपनीने ते घेतलं आणि पुढे त्याचं नाव ‘अ‍ॅक्सिओ’ झालं. यात बेकायदा काही नाही. पण फुकट मिळणाऱ्या अ‍ॅपचा खर्च कोण उचलतं आणि कशाच्या आशेवर, हे विचारल्याशिवाय आपल्या घरची खातेवही कुणाच्या हाती देऊ नये, असं मी आग्रहाने म्हणेन.

एसएमएस वाचणाऱ्या अ‍ॅपची खरी अडचण याहून खोल आहे. मूर्तिकाराच्या खात्यात व्यापाऱ्याचे ५०,००० रुपये बयाणा म्हणून जमा झाले, की अ‍ॅप त्याला उत्पन्न समजतं. आलेख वर चढतो आणि घरात खर्चाला हात सैल सुटतो. प्रत्यक्षात ते ५०,००० म्हणजे देणं आहे. मूर्ती पोचत्या झाल्या नाहीत तर ते परत करावे लागतील. हा भेद एका कप्प्याच्या जमाखर्चात दिसूच शकत नाही. त्यासाठी प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहावा लागतो, आणि इथेच माणसाच्या बुद्धीने शोधलेल्या एका अद्भुत गोष्टीपाशी आपण येतो.

व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत लुका पाचोली या गणितज्ञ संन्याशाने १४९४ मध्ये छापील ग्रंथात सविस्तर मांडली. पद्धत त्याने शोधली नव्हती, ती व्यापाऱ्यांच्या वापरात आधीपासून होती. आपल्याकडच्या पेढ्यांवरही रोजकीर्दीत रोजचा व्यवहार लिहून तो खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती चढवण्याचा रिवाज जुना आहे. पैसा कुठून निघाला आणि कुठे गेला, या दोन्ही बाजू लिहिल्या की सगळ्या खात्यांची बेरीज सतत मेळात राहते. कुठे चूक झाली तर वहीच ती दाखवते. पाचशेहून अधिक वर्षांत या कल्पनेत मुळातून बदल करावा लागलेला नाही.

‘ग्नूकॅश’ हे याच तत्त्वावर चालणारं मोफत, खुलं सॉफ्टवेअर १९९८ पासून वापरात आहे. विंडोज, लिनक्स आणि मॅक अशा तिन्ही प्रकारच्या संगणकांवर ते चालतं आणि खात्यांना देवनागरीत नावं देता येतात. त्यात बयाण्याची नोंद अशी होते: ‘मालमत्ता – बँक’ या खात्यात ५०,००० वाढले, ‘देणी – गिऱ्हाइकांचा बयाणा’ या खात्यातही ५०,००० वाढले. घर श्रीमंत झालं नाही, हे पडद्यावर स्वच्छ दिसतं. गणपती गाडीत चढले, माल पोचला, की देण्याच्या खात्यातून ती रक्कम ‘उत्पन्न – मूर्तिविक्री’ खात्यात न्यायची. त्या दिवशी, आणि त्याच दिवशी, ते पैसे घराचे झाले.

भिशी तर या पद्धतीचं सगळ्यात सुंदर उदाहरण ठरते. बारा बायकांनी दरमहा २,००० रुपयांची भिशी धरली आणि चौथ्या महिन्यात आपली पाळी लागली, असं समजू. पहिले तीन हप्ते भरले तेव्हा ‘भिशी’ खात्यात ६,००० येणं दिसत होतं. तो खर्च नव्हता. चौथा हप्ता भरून ८,००० झाले आणि २४,००० हाती आले, तेव्हा तेच खातं उलटलं आणि १६,००० देणं दाखवू लागलं. पुढच्या आठ हप्त्यांत ते शून्यावर येतं. एकच खातं आधी बचत असतं, मग कर्ज होतं, आणि दोन्ही वेळा आकडा अचूक असतो. साध्या अ‍ॅपमध्ये याच भिशीचे बारा खर्च आणि एक मोठं उत्पन्न दिसतं, आणि दोन्ही खोटे असतात.

ग्नूकॅशच्या पोटात दोन गोष्टी अशा आहेत की जाणकारही थबकतात. संगणक अंक द्विमान पद्धतीने साठवतो, त्यामुळे दहा पैसे म्हणजे ०.१ ही रक्कम त्याला सहसा नेमकी लिहिता येत नाही. सर्वसाधारण रीतीने त्याला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर तो ०.३०००००००००००००००४ असं उत्तर देतो. म्हणून ग्नूकॅश रक्कम अपूर्णांकात, अंश आणि छेद वेगळे ठेवून जपतं आणि पैन् पै जुळते. दुसरी गोष्ट बँकेच्या उताऱ्याची. यूपीआय २०१६ मध्ये आलं आणि आता वडापावापासून मासळीपर्यंत सगळं क्यूआरवर चालतं. एका महिन्याच्या उताऱ्यात शेकडो ओळी भरतात. त्या हाताने कोण लिहिणार? उतारा फाइल म्हणून आत घेतला की ग्नूकॅश आधीच्या नोंदी पाहून प्रत्येक ओळ कोणत्या खाती जाईल याचा अंदाज बांधतं आणि आपण दुरुस्त करू तसं शिकत जातं. या अंदाजामागचं संभाव्यतेचं गणित थॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाचं. ते त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि आज वाण्याचं बिल किराणा खात्यात टाकायला ते आपल्या उपयोगी पडतं.

पण पेणमध्ये घरच्या हिशोबाची गोष्ट पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेशिवाय पुरी होत नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख (१९४३ ते १९४९) यांचं बालपण ज्या जिल्ह्यातल्या रोह्यात गेलं, त्याच जिल्ह्यात २०१० च्या सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेला पेण अर्बनच्या व्यवहारांवर निर्बंध घालावे लागले. बनावट कर्जखात्यांचा घोटाळा बाहेर आला आणि सुमारे दोन लाख ठेवीदारांचे पैसे अडकले. त्या वेळी ठेव विम्याची मर्यादा एका ठेवीदाराला एका बँकेत १ लाख रुपये होती. २०२० च्या फेब्रुवारीत ती ५ लाख झाली. ही मर्यादा मुद्दल आणि व्याज मिळून, आणि त्या बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र धरून मोजली जाते. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा मुळीच लागू नाही, कारण पतसंस्था बँक नव्हे. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते.

म्हणून खात्यांची रचना करताना माझा आग्रह असा आहे. ‘बचत’, ‘मुदत ठेव’, ‘मुलीच्या लग्नाची ठेव’ अशी हेतूंनुसार नावं वरच्या पायरीला देऊ नयेत. वर संस्थेचं नाव असावं, तिच्या पोटात ठेवी असाव्यात, आणि पतसंस्थांची फांदी बँकांपासून वेगळी काढावी. मग एका बँकेत ५ लाखांच्या वर किती पडून आहेत आणि विम्याबाहेर किती, हे एका ओळीत वाचता येतं. घरातल्या प्रत्येकाची खाती त्याच्या नावाने वेगळी ठेवावीत, कारण विमा माणसागणिक असतो. सोनं ग्रॅममध्ये नोंदवावं आणि भाव अधूनमधून बदलावा. ती सोय आहे. दारच्या भातशेतीची किंमत मात्र मालमत्तेत धरू नये असं मला वाटतं. विकायची नसलेली जमीन आकड्यात आली की घर उगाच सधन दिसतं.

खाती आपोआप जोडण्यासाठी आता ‘अकाउंट अ‍ॅग्रिगेटर’ ही व्यवस्था आहे. रिझर्व्ह बँकेने तिचे नियम २०१६ मध्ये केले आणि २०२१ च्या सप्टेंबरपासून ती चालू झाली. कोणती माहिती, कुणाला, किती काळ द्यायची हे खातेदार ठरवतो आणि संमती मागेही घेऊ शकतो. मधली कंपनी कुलूपबंद माहिती फक्त पुढे पोचवते, तिला ती वाचता येत नाही. एसएमएस वाचू देण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित, कारण एसएमएसमध्ये ओटीपीही येतो. मात्र पतसंस्थेची ठेव, भिशी, व्यापाऱ्याकडची उधारी आणि हातउसने दिलेले पैसे या वाटेने येत नाहीत. पेणच्या कारखानदाराच्या घरी अशाच रकमा मोठ्या असतात, आणि त्या हाताने लिहिण्याला पर्याय नाही.

धाटावला नोकरी करणाऱ्या, एक पगार आणि दोन खाती असलेल्या घराला ग्नूकॅशचा पसारा जड वाटेल. त्याने फोनवर हाताने नोंद करायचं, माहिती फोनमध्येच ठेवणारं आणि एक्सेलमध्ये उतरवून देणारं साधं अ‍ॅप घ्यावं. ‘मनी मॅनेजर’ त्यातलं एक. घेण्याआधी पाच-दहा खोट्या नोंदी करून ती फाइल बाहेर काढून पाहावी. ती उघडून वाचता आली तरच पुढे जावं. ज्यातून हिशोब बाहेर काढता येत नाही असं अ‍ॅप कितीही देखणं असलं तरी सोडावं.

मूर्तिकाराच्या घराने सुरुवात एक एप्रिलला करू नये. ग्नूकॅशमध्ये हिशोबाच्या काळाची पहिली आणि शेवटची तारीख आपणच ठरवतो. करासाठी एप्रिल ते मार्चचा अहवाल त्याच नोंदींतून वेगळा काढता येतो. घरासाठी वर्ष दिवाळीच्या पाडव्यापासून धरावं. भाद्रपदाची वसुली तोवर बहुतेक हाती आलेली असते, कारागिरांची मजुरी चुकती झालेली असते आणि नव्या हंगामाची माती अजून घ्यायची असते. त्या दिवशी बँक, पतसंस्था, रोकड, भिशी, येणं-देणं अशी प्रत्येक खात्याची शिल्लक आरंभीची म्हणून चढवावी, फाइलची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी आणि ती कशी उघडायची हे घरातल्या आणखी एका माणसाला शिकवावं.