पडद्याचे पुनर्रेखन आणि त्याचा वेग

लॅपटॉपच्या पडद्यावर पुस्तकाचे पान उघडून ठेवले, तर ते छापील पानासारखेच निश्चल भासते. वस्तुतः ते चित्र वरपासून खालपर्यंत, ओळीमागून ओळ, पुन्हा पुन्हा रेखाटले जात असते. हे पुनर्रेखन सेकंदाला किती वेळा होते, त्या संख्येस ‘रिफ्रेश रेट’ म्हणतात. ती ‘हर्ट्झ’ या एककात मोजतात. विद्युत्-चुंबकीय तरंगांचे अस्तित्व प्रयोगाने दाखविणारे जर्मन शास्त्रज्ञ हाइन्रिश हर्ट्झ (१८५७–१८९४) यांच्यावरून हे नाव पडले आहे.

साध्या लॅपटॉपचा वेग बहुधा ६० हर्ट्झ असतो. म्हणजे प्रत्येक चित्र सेकंदाचा साठावा भाग टिकते. १२० किंवा १४४ हर्ट्झचे पडदेही मिळतात. मग मोठी संख्या नेहमीच अधिक चांगली काय?

पडद्यावर एक चेंडू सेकंदात १,२०० बिंदू सरकतो, अशी कल्पना करा. ६० हर्ट्झला तो प्रत्येक खेपेस २० बिंदूंची उडी घेईल, १२० हर्ट्झला केवळ १० बिंदूंची. डोळा मात्र चेंडूमागे अखंड फिरत असतो. म्हणून उडी लहान, तितकी गती सलग व रेषा स्पष्ट दिसते. परंतु यासाठी संगणकानेही तितकी नवी चित्रे पुरविली पाहिजेत. त्याने सेकंदाला ३०च चित्रे तयार केली, तर १२० हर्ट्झचा पडदा तेच चित्र चार वेळा दाखवील. लाभ काहीच नाही.

चित्रपटात सामान्यतः सेकंदाला २४ चित्रे असतात. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ती एकाआड एक तीन व दोन वेळा दाखवावी लागतात, त्यामुळे संथ दृश्यात किंचित अडखळ जाणवते. १२० हर्ट्झला प्रत्येक चित्र बरोबर पाच वेळा येते.

स्थिर मजकुराची गोष्ट निराळी. जुन्या काचनळीच्या पडद्यावरील बिंदू इलेक्ट्रॉन-शलाका पुढे सरकताच मंद होई. म्हणून वेग कमी असला की पडदा लुकलुके व डोळे शिणत. द्रव-स्फटिकाच्या पडद्यावरील बिंदू पुढील रेखनापर्यंत आपली स्थिती राखून ठेवतो. त्यामुळे वाचन-लेखनासाठी ६० हर्ट्झ पुरेसे होतात. असा पडदा लुकलुकत असेल, तर दोष बहुधा मागील दिव्याच्या उघडझापीत असतो.

वेग बदलणे सोपे आहे. विंडोज ११ मध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘सिस्टिम’, ‘डिस्प्ले’ व ‘ॲडव्हान्स्ड डिस्प्ले’ असे क्रमाने उघडावे. तेथील यादीत त्या पडद्याला झेपणारेच वेग दिलेले असतात. यादीत केवळ ६० असेल, तर पडद्याची मर्यादा तीच, असे बहुधा समजावे.

वेगाचे मोलही द्यावे लागते. अधिक वेळा रेखाटण्यास अधिक वीज लागते व बॅटरी लवकर उतरते. काही लॅपटॉप गरजेप्रमाणे वेग आपोआप कमी-जास्त करतात. ती सोय नसेल, तर वीज गेल्यावर वर्गात किंवा ग्रंथालयात काम चालू ठेवणाऱ्याने वेग ६० वर आणावा. अक्षरे तितकीच सुवाच्य राहतील आणि बॅटरी काहीशी अधिक वेळ पुरेल. नवा लॅपटॉप घेतानाही हेच ध्यानात ठेवावे. खेळ व चलच्चित्रे यांसाठी मोठी संख्या उपयुक्त खरी; केवळ वाचणाऱ्याने तिच्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.