पिपलानी ते मँचेस्टर

भोपाळमधल्या पिपलानी या कारखान्याच्या वसाहतीत, कंपनीच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला मँचेस्टरचं ट्रॅफर्ड पार्क म्हणजे आजोळच! भोपाळची 'हेवी इलेक्ट्रिकल्स' ही कंपनी 1956 साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना ब्रिटनच्या एईआय कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने उभा राहिला. त्याच एईआयचा मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स हा मोठा कारखाना इथे ट्रॅफर्ड पार्कमध्ये होता. आपले तरुण इंजिनिअर शिकायला इंग्लंडला आले आणि तिकडचे तज्ज्ञ भोपाळला गेले.

इथे नोकरी करताना एक फरक सारखा जाणवतो. पिपलानीत घर, शाळा, कस्तुरबा हॉस्पिटल, सगळं कंपनीचं. शिफ्ट सुटली की बाजारात भाजी घेणाराही सहकारी आणि शेजारच्या ओट्यावर बसलेलाही सहकारीच. निवृत्तीबरोबर क्वार्टरही सोडायचं. ब्रिटनमध्ये मात्र 1948 पासून दवाखाना सरकारी आरोग्यसेवेचा, त्याचा मालकाशी संबंध नाही. नोकरी गेली तरी डॉक्टर तोच राहतो. कामगार कपातीची भरपाईही 1965 पासून कायद्याने ठरवून दिलेली आहे. मला ही व्यवस्था जास्त माणुसकीची वाटते. पण पिपलानीतला शेजार तिच्यात मिळत नाही, हेही तितकंच खरं.

आणि उद्योगाचं म्हणाल तर 1967 मध्ये एईआय ही जीईसी या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीने गिळली, पुढे जीईसीही उरली नाही. भोपाळचा कारखाना मात्र 1974 मध्ये भेल या सरकारी कंपनीत विलीन होऊन आजही ट्रान्सफॉर्मर, जलटर्बाइन आणि रेल्वेच्या मोटारी बनवतोय.

पिपलानी-बरखेडा वसाहतीत कुणाच्या घरी इंग्लंडमधल्या त्या प्रशिक्षणाचे फोटो, पत्रं असतील तर कृपया रद्दीत देऊ नका. स्कॅन करून जपा.