परत येणारा रुमाल

शेजारून आलेला डबा रिकामा परत पाठवायचा नाही, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. दुसरं काही नसेल तर चिमूटभर साखर तरी त्यात पडते. जपानमध्येही अशीच रीत आहे. भेटीचं भांडं परत करताना त्यात कोरे कागद, काडेपेटी असं काहीतरी ठेवायचं. त्याला 'ओउत्सुरी' म्हणतात. पण भांड्याबरोबर आणखी एक वस्तू मालकाकडे परत जात असे आणि मला सांगायचं आहे ते तिच्याविषयी. ती म्हणजे 'फुकुसा', रेशमी चौकोनी रुमाल.

एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या वर्षांत, सधन घरांत भेट उघडी नेत नसत. ती लाखेच्या पेटीत किंवा तबकात ठेवायची आणि वर फुकुसा पसरायचा. त्यावर भरतकाम असे, तेही प्रसंग पाहून. दीर्घायुष्यासाठी करकोचा आणि कासव, शुभकार्याला पाईन, बांबू आणि प्लमचा बहर. घेणाऱ्याने आधी रुमाल पाहायचा, त्यातला संकेत ओळखायचा, कौतुक करायचं, भेट ठेवून घ्यायची आणि रुमाल परत करायचा. देणाऱ्याची रसिकता आणि घेणाऱ्याची जाण, दोन्ही त्या कापडावर कळत.

चहाच्या समारंभातला फुकुसा मात्र अगदी साधा. नक्षी नाही, भरतकाम नाही. रेशीम दुहेरी करून तीन बाजू शिवलेल्या, चौथीला नुसती घडी. आकार साधारण २७ बाय २९ सेंटिमीटर. पुष्कळ परंपरांत पुरुषांचा जांभळा, स्त्रियांचा लाल. यजमान तो कमरपट्ट्यात खोचतो, ठरलेल्या रीतीने त्याची घडी घालतो आणि पाहुण्यांसमोर चहापुडीची डबी आणि बांबूचा चमचा पुसतो. वस्तू आधीच स्वच्छ असतात. मग पुन्हा का पुसायच्या? कारण पुसताना यजमानाचं मनही स्थिर होतं आणि पाहुण्याला कळतं, की हे सारं आपल्यासाठी चाललं आहे. पेला पुसायला मात्र वेगळं, पांढरं कापड असतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य संग्राहकांनी भरतकामाचे फुकुसा भराभर विकत घेतले. आज त्यांतले कितीतरी बॉस्टनसारख्या शहरांच्या संग्रहालयांत आहेत. काचेमागे ते सुंदर दिसतात, पण माझ्या मते त्यांचं अर्धं काम तिथे संपलेलं असतं. जो रुमाल कुणाच्या घरी जात नाही आणि परत येत नाही, तो नुसतं भरतकाम उरतो.

रीत मात्र पुरती मेलेली नाही. लग्नाला किंवा अंत्यविधीला पैशाचं पाकीट न्यायचं, तर ते आजही छोट्या फुकुसात गुंडाळतात. आनंदाला उजळ रंग, दुःखाला गडद, जांभळा दोन्हीकडे चालतो. दारात तो उलगडायचा, पाकीट दोन्ही हातांनी पुढे करायचं. पाकीट तिथे राहतं, रुमाल आपल्याबरोबर घरी येतो. पुन्हा कुणाकडे तरी जायचंच असतं.