एकशे सत्तावीस क्यूबिट आणि एक लॅपटॉप

लेखमाला : क्वांटमच्या उंबरठ्यावर – लेखांक ६

१४ जून २०२३ रोजी 'नेचर' साप्ताहिकात आयबीएमच्या संशोधकांचा एक निबंध आला. 'ईगल' नावाच्या १२७ क्यूबिटच्या चिपवर त्यांनी चुंबकीय कणांच्या एका नमुन्याचे गणित सोडवले होते. क्यूबिटच्या जोड्यांवर क्रियांचे ६० थर आणि एकूण २,८८० क्रिया, एवढा त्याचा पसारा होता. तेच गणित बर्कलीच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या महासंगणकांवर करून पाहिले. सोप्या उदाहरणांत दोन्हींची उत्तरे जुळली. अवघड उदाहरणांपाशी महासंगणकावरच्या पद्धती तोकड्या पडल्या. चुका दुरुस्त करण्याची सोय नसलेला आजचा क्वांटम संगणकही कामाचा ठरू शकतो, याचा हा पुरावा आहे, असे निबंधाचे म्हणणे होते.

जेमतेम दोन आठवडे लोटले आणि उत्तरे येऊ लागली. न्यूयॉर्कच्या फ्लॅटआयर्न इन्स्टिट्यूटमधल्या गटाने तेच गणित साध्या संगणकावर, तेही अधिक अचूक करून दाखवले. कॅलटेकचे तोमिस्लाव बेगुशिच आणि गार्नेट चॅन यांनी तर लॅपटॉपच्या एका कोअरवर ते केले, आणि क्वांटम चिपपेक्षा कितीतरी कमी वेळात.

हे घडलेच कसे? १२७ क्यूबिटचा हिशेब लॅपटॉपमध्ये मावणे अशक्य, असेच तर या विषयावरचे प्रत्येक पुस्तक सांगते. पुस्तके खोटे सांगत नाहीत, पण अर्धेच सांगतात. उरलेला अर्धा भाग हा या लेखांकाचा विषय आहे.

आधी पुस्तकातला हिशेब पाहू. क्वांटम संगणकाची अवस्था साध्या संगणकावर उतरवायची तर प्रत्येक शक्यतेसाठी एक संमिश्र संख्या लिहून ठेवावी लागते. एका क्यूबिटला दोन संख्या, दोघांना चार, तिघांना आठ. एका संख्येला १६ बाइट जागा लागते. २० क्यूबिटना १६ मेगाबाइट, म्हणजे मोबाइलवरच्या चार-पाच फोटोंइतकीच जागा पुरते. ३० क्यूबिटना १६ गिगाबाइट लागतात आणि चांगला लॅपटॉप तिथेच थांबतो. ४० क्यूबिटना १६ टेराबाइट. आपल्याकडच्या जुन्या सावकारी व्यवहारात दामदुप्पटीचा नियम होता : व्याजाची थकबाकी कितीही साचली तरी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नसे. दुप्पट झाली की थांबायचे. इथे तसा कोणताही नियम ऋणकोच्या मदतीला येत नाही. प्रत्येक नवा क्यूबिट आधीचे सगळे देणे पुन्हा दुप्पट करतो.

या दुप्पटीशी महासंगणकांनी चिकाटीने झुंज दिली आहे. २०१७ मध्ये झ्युरिकच्या ईटीएचमधल्या थॉमस हेनर आणि डॅमियन श्टायगर यांनी अमेरिकेतल्या 'कोरी' महासंगणकावर ४५ क्यूबिटची पूर्ण अवस्था उतरवली. त्यासाठी अर्धा पेटाबाइट स्मृती लागली. २०२५ मध्ये जर्मनीतल्या युलिखच्या 'जुपिटर' या महासंगणकावर ५० क्यूबिटचा टप्पा गाठला गेला, तोही संख्या दाबून, कमी बाइटमध्ये बसवून. आठ वर्षांत आणि युरोपातल्या सर्वांत मोठ्या यंत्रावर मिळालेली वाढ पाच क्यूबिटची.

मग लॅपटॉपला १२७ कसे झेपले? कारण त्याने पूर्ण खतावणी लिहिलीच नाही.

क्यूबिट अनेक आहेत, एवढ्याने हिशेब फुगत नाही. तो फुगतो ते एकमेकांत गुंतल्यामुळे. १२७ क्यूबिट एकमेकांपासून अगदी अलिप्त असतील, तर प्रत्येकाच्या दोन याप्रमाणे २५४ संख्यांत सगळी अवस्था लिहून होते. वहीचे एखादे पान पुरे. गुंतलेपण वाढत जाते तसा एकाचा हिशेब दुसऱ्याला सोडून मांडता येत नाही आणि मग प्रत्येक जोडणीची नोंद ठेवावी लागते. या दोन टोकांच्या मध्ये फार मोठा प्रदेश आहे. थोडे गुंतलेले, शेजाऱ्यांशीच गुंतलेले असे क्यूबिट या प्रदेशात येतात, आणि व्यवहारातली बरीच गणितेही इथेच येतात.

या प्रदेशात चालणाऱ्या पद्धतीला टेन्सर जाळे म्हणतात. आगगाडी डोळ्यांसमोर आणावी. प्रत्येक क्यूबिट म्हणजे एक डबा, आणि दोन डब्यांमधले कपलिंग म्हणजे त्यांच्यातले गुंतलेपण. गुंतलेपण कमी असेल तर कपलिंग अरुंद ठेवता येते आणि डबे वाढवले तरी स्मृतीची गरज डब्यांच्या संख्येच्या प्रमाणातच वाढते, दुप्पट होत जात नाही. प्रत्येक क्रियेनंतर कपलिंगमधले किरकोळ आकडे छाटायचे आणि ठळक तेवढे ठेवायचे, ही त्यातली कारागिरी. हिचे मूळ क्वांटम संगणकाच्या शोधात नाही. स्टीव्हन व्हाइट यांनी १९९२ मध्ये घन पदार्थांच्या भौतिकीसाठी ही वाट काढली. कमी गुंतलेला क्वांटम संगणक याच वाटेने साध्या संगणकावर चालवता येतो, हे गिफ्रे व्हिदाल यांनी २००३ मध्ये दाखवले.

'ईगल' चिपची रचनाही या पद्धतीच्या पथ्यावर पडली. तिच्यावरचे क्यूबिट मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनांत मांडलेले आहेत, आणि षट्कोनाच्या प्रत्येक बाजूवर आणखी एक क्यूबिट आहे. त्यामुळे कोणत्याही क्यूबिटला फार तर तीन शेजारी, आणि एक वळसा पूर्ण व्हायला बारा क्यूबिट ओलांडावे लागतात. जवळून पाहिले तर हे जाळे झाडाच्या फांद्यांसारखे दिसते, आणि फांद्यांवरचा हिशेब सोपा असतो. फ्लॅटआयर्नच्या गटाने नेमका याचाच फायदा घेतला. बेगुशिच आणि चॅन यांची वाट वेगळी होती. त्यांनी अवस्थेचा हिशेब ठेवलाच नाही. जी राशी मोजायची तिचाच मागोवा घेतला आणि वाटेत लागणारी नगण्य पदे सोडून दिली.

या प्रकरणाच्या बातम्या लॅपटॉपने क्वांटम संगणकाला हरवले अशा थाटात लिहिल्या गेल्या. ते अन्यायाचे आहे. लॅपटॉपची उत्तरे आणि गोंगाट, म्हणजे चिपमधल्या चुकांचा परिणाम, वजा केल्यानंतरची चिपची उत्तरे बऱ्याच अंशी जुळली होती. चिप बरोबर चालली, हे पडताळले ते लॅपटॉपने. गुगलने २०१९ मध्ये ५३ क्यूबिटच्या 'सिकॅमोर'वर २०० सेकंदांत केलेल्या कामाला महासंगणकाला १०,००० वर्षे लागतील असे म्हटले, तेव्हाही साध्या संगणकांनी असेच अंतर कापले. आयबीएमने अडीच दिवसांचा अंदाज मांडला आणि पुढे चीनमधल्या पान फेंग, चेन केयांग आणि झांग पान यांनी ५१२ जीपीयूंवर (ग्राफिक्स चिपवर) ते काम सुमारे १५ तासांत केले. क्वांटम संगणकाची हद्द कुठून सुरू होते, ती रेघ साध्या संगणकावरच्या अशा प्रोग्रॅमनीच वेळोवेळी पुढे सरकवली आहे.

अभियंत्यांना या सगळ्यातून काय मिळाले, ही खरी मोलाची गोष्ट. पुलाच्या खांबाला वळसा घालणारे पुराचे पाणी पाहावे. मोठ्या भोवऱ्यातून लहान भोवरा, त्यातून आणखी लहान, अशी साखळी चालू राहते. अभियंते याला टर्ब्युलन्स म्हणतात, आणि विमानाच्या पंखापासून इंजिनातल्या ज्वाळेपर्यंत तो सगळीकडे भेटतो. प्रत्येक लहान भोवरा टिपायचा तर संगणकावरची जाळी इतकी बारीक करावी लागते की महासंगणकही दमतो. ऑक्सफर्डचे निकिता गोरिआनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये एक साधे निरीक्षण कामाला लावले : भोवरा आपल्या जवळपासच्या आकाराच्या भोवऱ्यांशीच देवाणघेवाण करतो, फार मोठ्या किंवा फार लहान भोवऱ्यांशी त्याचा थेट संबंध थोडा. म्हणजे शेजाऱ्यांपुरतेच गुंतलेले क्यूबिट! क्वांटम भौतिकीतली आगगाडी त्यांनी पाण्याच्या प्रवाहाला जोडली आणि लागणाऱ्या संख्या दहापटींहून जास्त कमी झाल्या. २०२५ मध्ये याच वाटेने त्यांनी रासायनिक क्रिया चालू असलेल्या प्रवाहातल्या शक्यतांचे गणित केले. त्यात रूढ पद्धतीपेक्षा स्मृती सुमारे दहा लाख पटींनी आणि आकडेमोड सुमारे हजार पटींनी कमी लागली. यात क्वांटम चिप कुठेच नव्हती.

दुसरा उपयोग खुद्द क्वांटम संगणक बांधणाऱ्यांचा. ठरावीक प्रकारच्या क्रियाच वापरल्या तर क्यूबिट कितीही गुंतले तरी साधा संगणक त्यांचा हिशेब झपाट्याने करतो, हे गॉट्समन–निल प्रमेय सांगते. क्वांटम चुका दुरुस्त करणारी मंडले (सर्किट), म्हणजे क्रियांच्या मालिका, बहुतांशी नेमक्या याच क्रियांची असतात. गुगलच्या क्रेग गिडनी यांनी २०२१ मध्ये लिहिलेले 'स्टिम' हे सॉफ्टवेअर २०,००० क्यूबिट आणि ८० लाख क्रियांच्या अशा मंडलाचे विश्लेषण १५ सेकंदांत करते. एवढी चिप आज जगात कुठेच नाही, पण तिचा आराखडा आज तपासता येतो.

रोल्स-रॉइसने २०२३ मध्ये एनव्हिडिया आणि क्लासिक या कंपन्यांबरोबर तिसरी वाट धरली. जेट इंजिनातल्या प्रवाहाच्या गणितासाठी उद्याच्या यंत्रावर चालेल असे ३९ क्यूबिटचे आणि एक कोटी थरांचे मंडल त्यांनी आजच्या जीपीयूंना डोळ्यांसमोर ठेवून रचले. खऱ्या चिपवर एवढे थर पार होण्याआधीच गोंगाटात उत्तर बुडून जाते.

गोंगाटाचा हा मुद्दा भारतातल्या विद्यार्थ्यांनाही हाताळता येतो. बेंगळुरूची आयआयएससी, रुर्कीची आयआयटी आणि पुण्यात मुख्यालय असलेली सी-डॅक यांनी मिळून 'क्यूसिम' हा भारतीय सिम्युलेटर, म्हणजे साध्या संगणकावर क्वांटम संगणकाची नक्कल करणारा प्रोग्रॅम, तयार केला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तो खुला झाला. त्यात क्यूबिट निर्दोष धरूनही प्रोग्रॅम चालवता येतो आणि सदोष धरूनही. मात्र दोषांचा पूर्ण हिशेब ठेवायचा तर प्रत्येक क्यूबिटमागे जागा दुप्पट नव्हे, चौपट होते. ३० निर्दोष क्यूबिट ज्या स्मृतीत मावतात, तिच्यात सदोष क्यूबिट मावतात पंधरा. हा गोंगाट येतो कुठून आणि तो आटोक्यात आणायला काय काय केले जाते, ते पुढच्या लेखांकात.