लेहरा कुणीच धरत नाही

२२ फेब्रुवारी १९६७. न्यू जर्सीतल्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत ड्रमवादक राशिद अली पोहोचला आणि बाकीचे वादक कुठे आहेत, म्हणून विचारू लागला. बाकीचे कुणी येणारच नव्हते. जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन आणि अलीचे ड्रम, एवढ्यावरच ‘इंटरस्टेलर स्पेस’ हा अल्बम झाला. पाच महिन्यांत, चाळिशीतच कोल्ट्रेन गेला. अल्बम बाजारात आला तो १९७४ साली.

एरवी जॅझमध्ये पियानो आणि बास स्वरांची चौकट बांधतात, ड्रम लय सांभाळतो आणि सॅक्सोफोन त्यावर मोकळा फिरतो. इथे चौकटच काढून टाकली आहे. त्यामुळे सॅक्सोफोन वाटेल त्या स्वरावर जाऊ शकतो; मात्र चुकला तर सावरायला कुणी नाही. अलीही ठेका धरत नाही. एकाच वेळी अनेक लयी खेळवत तो कोल्ट्रेनला डिवचतो, अडवतो, पुढे ढकलतो.

फुंकीचं वाद्य आणि चर्मवाद्य ही जोडी आपल्याला परकी नाही. उरण-मोऱ्याकडच्या हळदीत आता बेंजोचा जोर असला, तरी सनई-चौघडा प्रत्येकाच्या कानात आहे. पण सनईमागे सूर धरणारा असतो, चौघड्याला तालाचं आवर्तन असतं. तबल्याच्या एकलवादनातही लेहरा, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारी धून, मात्रांचा हिशेब ठेवतो. इथे ना आधाराचा सूर, ना सम.

मग हे वादन विस्कटत का नाही? कारण बांधणी आहे. बहुतेक तुकडे कोल्ट्रेनच्या हातातल्या छोट्या घंटांनी सुरू होतात. मग लहानशी धून येते, तिचे तुकडे पडतात, वेग शिगेला पोहोचतो, धून परतते आणि पुन्हा घंटा वाजतात. समेऐवजी या धुनेची वाट पाहावी.

पुढे ड्रमवादक मॅक्स रोचने आर्ची शेप आणि अँथनी ब्रॅक्स्टन यांच्यासोबत असेच जोडीचे अल्बम केले. पण सुरुवात कोल्ट्रेनपासूनच करावी. मूळ चार तुकडे जेमतेम ३६ मिनिटांचे. भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराकडे निघालेल्या लाँचमध्ये सहज ऐकून होतील. मात्र पहिला ‘मार्स’ अंगावर येतो. आधी ‘व्हीनस’ लावा: त्यात अली ब्रशने हलकं वाजवतो, आणि दोघं एकमेकांचं किती ऐकतात ते स्पष्ट कळतं.